गॅस संपत नसतो, गळत असतो

"साहेब, तुम्ही पाण्यावर लिहिता, उसाच्या दरावर लिहिता, खड्ड्यांवर तर दर पावसाळ्यात लिहिता. एकदा आमच्या या गॅसवर पण लिहा की."

गेल्या महिन्यात बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या मिस्त्रींनी मला हे ऐकवलं. मी हसण्यावारी नेलं. पण बारामती एमआयडीसीजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या दुपारी जे कळलं, ते वीस वर्षं बातमीदारी करूनही मला माहीत नव्हतं. म्हणून आज राजकारण बाजूला ठेवून गाडीच्या एसीवर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. पण बारामती-इंदापुरात ज्यांच्याकडे गाडी आहे, विशेषतः जुनी, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पैसे वाचतील. कदाचित जीवही वाचेल.

आधी गाडीबद्दल सांगतो.

आमच्या मामांकडे १९९२ सालची प्रीमियर ११८ एनई आहे. आजच्या पोरांना नावही माहीत नसेल. फियाट १२४ ची चौकोनी बॉडी आणि आत निसानचं इंजिन. 'एनई' म्हणजे निसान इंजिन. तेव्हा सगळे मारुतीच्या मागे होते, मामांनी मात्र हीच घेतली. मामांची सगळी नोकरी वालचंदनगरला गेली. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली ती वालचंद हिराचंद यांनी, म्हणजे ज्यांच्या नावानं इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर वसलं त्यांनीच. मामा अजून तिला "आपल्या शेठजींची गाडी" म्हणतात. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही याच कंपनीची. ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मामांची गाडी मात्र एमएच १२ ची पाटी मिरवत अजून धावतेय. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी पासिंगचं नूतनीकरण ते स्वतः रांगेत उभं राहून करून आणतात.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारपणी हौस कशाला? हौस नाही. मामींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी इंदापूरहून बारामतीला यावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी परतीचा प्रवास. मी म्हटलं, माझी गाडी घेऊन जात जा. मामा म्हणाले, "अरे, तिला या सीटची सवय आहे. फक्त एवढा एसी नीट करून दे."

एसीची कहाणी अशी. सलग तीन उन्हाळे एप्रिलमध्ये गॅस भरायचा आणि जून उजाडायच्या आत गार हवा बंद. दरवर्षी दुकान वेगळं, उत्तर एकच. "काका, गाडी जुनी झाली. जुनी गाडी गॅस खाते." दरवेळी हजार-दीड हजार गेले. तिसऱ्या वर्षी हायवेवरच्या एका दुकानात, नाव घेत नाही, पोरानं नाव-गाव नसलेल्या एका छोट्या टाकीतून गॅस भरला. पैसेही निम्मेच घेतले. आणि गारवा असा, की मामींनी शाल मागितली. मामा खूश.

आठ दिवसांनी मामी म्हणाल्या, "गाडीत शेगडी चालू राहिल्यासारखा वास येतो रे." आम्हाला वाटलं, पेट्रोलचा असेल. जुनी गाडी, कार्ब्युरेटरचं इंजिन, वास येणारच.

गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी दरवाजा उघडून वास घेतला. मग पाइपच्या तोंडाशी नाक नेलं. आणि एकदम म्हणाले, "साहेब, मोबाइल खिशात ठेवा आणि लांब व्हा. चारी दरवाजे उघडे टाका. कोणी बिडी-काडी पेटवू नका."

एसीत स्वयंपाकाचा गॅस भरला होता.

गळती होती ती डॅशबोर्डच्या आत, कूलिंग कॉइलच्या जोडावर. म्हणजे गॅस सुटत होता तो थेट गाडीच्या आत. आणि आमच्या मामांच्या डॅशबोर्डवर विठ्ठल-रखुमाईची मूर्ती आहे. निघण्याआधी मामा तिला उदबत्ती ओवाळतात. रोज. काडी पेटवून. काचा बंद, मामी मागच्या सीटवर.

मी त्या रात्री झोपलो नाही.

आता कोणी म्हणेल, नव्या फ्रीजमध्येही जळणारा गॅस असतोच की. बरोबर. घरच्या बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, तो जळणाराच. पण ते यंत्र मुळात त्याच गॅससाठी बनवलेलं असतं, आत गॅस असतो काही ग्रॅम आणि नळ्या कायमच्या बंद. गाडीत तो शेकडो ग्रॅम, त्यात रबरी पाइप, जागोजागी जोड, रस्त्याचे धक्के आणि शेजारी तापलेलं इंजिन. दोन्हींत फरक आहे.

शेड मोकळी करून, सगळं निवल्यावर मिस्त्रींनी मला समोर बसवलं आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "पेट्रोल जळतं, म्हणून संपतं. एसीचा गॅस जळत नाही. तो नुसता गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पातळ होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून निघाला की कूलिंग कॉइलमध्ये त्याची परत वाफ होते. वाफ होताना तो गाडीतली उष्णता ओढून घेतो. आणि परत कॉम्प्रेसरकडे. यात संपतं काय? काहीच नाही. कमी झाला, तर तो गळला."

खरं सांगायचं तर गाडीच्या एसीत थोडी झिरप असतेच. रबरी पाइपातून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा गॅस जातो. पाच-सात वर्षांनी भरावा लागला तर समजू शकतो. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर ती गाडी गॅस 'खात' नाही. तिला भोक आहे आणि ते कुणी शोधलेलं नाही.

हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज आहे का? नीरा डाव्या कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याला विचारा. वरून आवर्तन सुटतं, कागदावर पाणी पूर्ण, आणि टेलच्या चारीत ओल नाही. अशा वेळी नुसतं "अजून पाणी सोडा" म्हणून भागत नाही. मध्ये पाणी कुठं मुरतंय, ते आधी बघावं लागतं. एसीचंही तेच आहे. पण कालव्यावर आंदोलन करणारे आपण एसीच्या दुकानात जाऊन म्हणतो काय, "दोनशे कमी कर आणि लवकर भर."

आता जुन्या गाड्यांचा खास घोळ सांगतो.

मामांच्या गाडीत मूळचा गॅस होता आर-१२. लोक त्याला फ्रिऑन म्हणायचे. त्या काळच्या एसीवाल्या गाड्यांत हाच असायचा, घरच्या फ्रीजमध्येही हाच. गॅस गुणी. जळत नाही, वास नाही, यंत्राला त्रास नाही. दोष एकच आणि तो आकाशाएवढा. सुटला की वर जातो, साधारण शंभर वर्षं टिकतो आणि वरच्या ओझोनच्या थराला खातो. सूर्याची घातक अतिनील किरणं हाच थर अडवतो. मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ साली हे मांडलं, तेव्हा कंपन्यांनी त्यांना वेड्यात काढलं. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेलं खिंडार जगासमोर आलं. १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. म्हणजे मामांनी गाडी घेतली त्याच वर्षी!

पुढं २००० साली आपल्याकडे ओझोन नियम आले. नव्या गाड्यांच्या एसीत आर-१२ वापरणं २००३ पासून बंद झालं. दम्याच्या फवाऱ्यासारखी औषधं सोडली तर देशातलं या गॅसचं उत्पादन ऑगस्ट २००८ पासून थांबलं. त्यामुळे आज कुणी "ओरिजिनल आर-१२ आहे" म्हणून भरून देत असेल, तर तो कुठला तरी जुना साठा असेल, जुन्या यंत्रातून काढलेला असेल, नाहीतर टाकीवर नाव एक आणि आत भलतंच असेल. आमच्या वाट्याला तिसरा प्रकार आला, तोही नाव न लिहिता.

मग जुन्या गाडीवाल्यानं करायचं काय? सरळ मार्ग आहे, एसी आर-१३४ए गॅसवर बदलून घेणं. पण बदलणं म्हणजे जुना सोडून नवा भरणं नाही. सगळी गंमत इथंच आहे आणि फसवणूकही इथंच होते.

आर-१२ सोबत कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असतं. आर-१३४ए मध्ये ते तेल मिसळत नाही. नुसता गॅस बदलला तर तेल कुठंतरी तळाशी बसून राहतं, कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि एक दिवस जाम होतो. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, "जुनी गाडी ना काका!"

मिस्त्रींनी मामांच्या गाडीला दोन दिवस लावले. कॉम्प्रेसर खोलून जुनं तेल पूर्ण काढलं. कंडेन्सर आणि कॉइल आतून धुऊन घेतली. सगळ्या ओ-रिंग बदलून नव्या गॅसला चालणाऱ्या बसवल्या. ड्रायर बदलला, कारण जुन्या ड्रायरमधला ओलावा शोषणारा माल नव्या गॅसला चालत नाही. दोन रबरी पाइप नवे करून घेतले. कॉइलचा गळका जोड दुरुस्त केला. मग नायट्रोजन भरून दाब धरला आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, अगदी तसंच. एका ठिकाणी बारीक बुडबुडा दिसला. परत खोललं, परत केलं.

मग पाऊण तास व्हॅक्यूम मारला, म्हणजे आतली हवा आणि ओलावा पंपानं ओढून काढला. पंप बंद करून अर्धा तास नुसता काटा बघत बसलो. काटा हलला नाही. त्यानंतर एस्टर तेल घातलं, जुन्या तेलाचा थोडा अंश राहिला तरी ते सांभाळून घेतं. शेवटी गॅस भरला तो काट्यावर टाकी ठेवून, वजन करून. आर-१२ जेवढा लागायचा त्याच्या ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरुवात करायची असते. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट दाब वाढतो आणि गारवा कमी होतो. ड्रायरच्या काचेतून बुडबुडे बघून अंदाजानं भरायची जुनी पद्धत इथं फसवते. दाब हद्दीबाहेर गेला तर कॉम्प्रेसर बंद करणारा स्विचही बसवला. आणि बॉनेटच्या आत एक पट्टी चिकटवली: गॅस कुठला, किती ग्रॅम, तेल कुठलं, तारीख काय. म्हणजे पुढच्या मिस्त्रीनं चुकून दुसरंच भरू नये.

सगळं मिळून बिल साडेअकरा हजार. मामा जरा थबकले. मी तीन वर्षांचा हिशोब मांडला आणि उदबत्तीची आठवण करून दिली. मामांनी पैसे मोजले.

गारवा पहिल्यासारखा आहे का? प्रामाणिक उत्तर, अगदी नाही. गाडी चालू असताना छान. फाटकाला किंवा सिग्नलला उभी राहिली की जरा कमी पडतो, कारण नव्या गॅसला जास्त मोठा कंडेन्सर लागतो. पुढच्या वर्षी तो बदलू. पण मामी आता दुपारी दोन वाजता शांत झोपून घरी जातात. वास नाही, भीती नाही.

इथपर्यंत घरची गोष्ट झाली. आता सगळ्यांचा प्रश्न.

आर-१३४ए ओझोनला खात नाही. पण तोही साधू नाही. तापमान वाढवण्यात एक किलो आर-१३४ए म्हणजे साधारण १३०० ते १४०० किलो कार्बन डायऑक्साइड. एका गाडीतला अर्धा किलो गॅस हवेत सोडला, तर पावणेतीनशे-तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याएवढं नुकसान. आणि दुकानात आपण रोज काय बघतो? नवीन भरायच्या आधी पाइपच्या तोंडाला स्क्रूड्रायव्हर लावला, फुस्स्स, झालं रिकामं. तो फुस्स आवाज पाच सेकंदांचा असतो.

त्या आवाजाशेजारी बहुतेक वेळा एक अठरा-वीस वर्षांचं पोरगं उभं असतं. हातात हातमोजा नाही, डोळ्याला चष्मा नाही. हा पातळ गॅस बोटाला लागला तर कातडी गोठून जळल्यासारखी होते. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. बंद शेडमध्ये तो हवेपेक्षा जड म्हणून खाली साठतो आणि श्वास कोंडतो. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ज्वाळेत त्याचे विषारी वायू होतात. ही पोरं आपलीच आहेत. यातली किती शिकून आली आणि किती बघून बघून शिकली?

मी मिस्त्रींना विचारलं, जुना गॅस ओढून साठवायचं मशीन सगळे का घेत नाहीत? ते म्हणाले, "मशीन महाग. वेळ जातो. आणि गिऱ्हाईक म्हणतं, शेजारचा निम्म्यात करतो." म्हणजे चूक एकट्या दुकानदाराची नाही. स्वस्ताचा हट्ट आपला आहे.

बरं, कुणी म्हणेल, एवढे कारखाने धूर ओकतात, माझ्या अर्ध्या किलोनं काय होतंय? होतं. ओझोनचं खिंडार असंच अर्धा-अर्धा किलोनं पडलं होतं. आणि ते भरतंय तेही असंच. मॉन्ट्रियल करार जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केला आणि पाळला. २०२३ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांनी अहवाल दिला, की हेच धोरण चालू राहिलं तर बहुतेक जगावरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास. माणसानं ठरवलं तर बिघडवलेलं दुरुस्त होतं, याचं माझ्या माहितीतलं हे सगळ्यात मोठं उदाहरण. सुरुवात मोठ्या भाषणांनी झाली असेल, काम मात्र शेवटी पान्याच्या टोकावर झालं.

पुढचा टप्पाही ठरलेला आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ साली मान्यता दिली. त्यानुसार आर-१३४ए सारख्या वायूंचा वापर आपल्याकडे २०२८ पासून गोठवायचा, २०३२ पासून कमी करत जायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा. म्हणजे आज स्वस्तात फुस्स करून सोडतोय तो गॅस उद्या महाग होणार. साठवून, साफ करून परत वापरणारा मिस्त्री उद्या फायद्यात असेल.

म्हणून माझ्या चार सूचना. पटतात का बघा.

पहिली, आपल्यासाठी. एसीच्या दुकानात तीन प्रश्न विचारा. गळती शोधली का? टाकीवर गॅसचं नाव आहे का, दाखवा. वजन करून भरणार का? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर गाडी वळवा.

दुसरी, गॅरेजवाल्या मित्रांसाठी. आपला भाग सहकाराचा. गावोगावी दूध थंड करायला सामायिक बल्क कूलर चालतात. मग दहा गॅरेजवाल्यांनी मिळून गॅस ओढायचं एक मशीन घेणं एवढं अवघड आहे का?

तिसरी, प्रशासनासाठी. मार्च २०१९ मध्ये केंद्रानं इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन आणला. त्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ठरलं होतं. त्यात बारामती-इंदापूरचे किती, हे मी लेखी विचारणार आहे. आपल्या आयटीआयमध्ये काम करत्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचा दोन आठवड्यांचा वर्ग निघाला पाहिजे. ज्याच्या हाताला वीस वर्षांचा अनुभव आहे, त्याला फक्त योग्य पद्धत आणि एक कागद हवाय.

चौथी, भंगाराची. जुनी गाडी, जुना फ्रीज भंगारात गेला की पहिल्यांदा तांब्याची नळी कापली जाते. आतला गॅस तिथंच हवेत. नळी कापायच्या आधी गॅस काढून घेण्याची सक्ती आणि सोय, दोन्ही नगरपालिकांनी बघावी. नुसती सक्ती केली तर चोरून कापतील.

आणि हो, घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीच्या एसीत भरणाऱ्यांबद्दल सूचना वगैरे काही नाही. तो गुन्हा समजून पोलिसांनी बघावं. मी त्या दुकानात परत गेलो होतो. पोरगं म्हणालं, "साहेब, सगळेच भरतात." सगळेच भरत असतील तर मग ही पोस्ट अजून मोठी लिहायला हवी होती.

परवा मामांकडे गेलो होतो. निघताना मामांनी मूर्तीला हात जोडले. उदबत्ती मात्र आता घरातल्या देव्हाऱ्यात लावतात. मामी मागून म्हणाल्या, "विठोबाला पण गार हवा लागतीये म्हणावं."

तुमच्या गाडीत या उन्हाळ्यात गॅस भरला असेल तर बॉनेट उघडून एकदा बघा, पट्टी आहे का. नसेल तर ज्यानं भरला त्याला आजच फोन करा. आणि काय उत्तर मिळालं ते खाली नक्की लिहा.